पालघरात मध्य युरेशिया

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून आधी चहा मागवला, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. आमच्या कॉलेजात चहा आधी आला की मागनं काम येतं, आणि ते सहसा महिनोन्‌महिने पुरतं.

"मॅडम, यंदा एक आंतरराष्ट्रीय परिषद घ्यायचीच," ते म्हणाले. "मूल्यांकनाची समिती येतेय. राज्यस्तरीय झाल्या, राष्ट्रीय झाल्या. आंतरराष्ट्रीयच्या रकान्यात मात्र आपलं नाव नाही. तुमचा तो विषय आहे ना, तिकडचा, रशियाच्या खालचा?"

"मध्य युरेशिया," मी म्हणाले.

"हां, तोच. ऐकायलाच किती भारदस्त वाटतं बघा. घेऊन टाका."

घेऊन टाका! जशी काही बाजारातनं मेथीची जुडी घ्यायची होती. मी निमूट चहा पीत बसले. निवृत्तीला वर्षभर उरलं होतं, गुडघे कुरकुरायला लागले होते, बोईसरहून पालघरला रोज ये-जा करून जीव मेटाकुटीला आला होता. सरळ नाही म्हणायचं आणि उठायचं, एवढंच करायचं होतं. पण केबिनमध्ये बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एक बाई आली आणि माझं घोडं तिथंच अडलं.

ती बाई कोण ते सांगायचं तर आधी माझं सांगायला हवं. मी पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यावरच्या मासेमाराची मुलगी. आई बोंबील निवडायची, बांबूच्या वलांडीवर वाळत घालायची, पाटी घेऊन बाजारात विकायची. "तू शिक गो, या वासातना सुट," असं ती मला रोज सांगायची. मी शिकले, इतिहासाची प्राध्यापक झाले, बोईसरला कारखान्यात असलेल्या माणसाशी लग्न केलं आणि वासातून सुटले. म्हणजे मासळीच्या सुटले, बोईसरच्या रसायनांचा वास लागला तो अजून आहे. आणि डॉक्टरेटला विषय कुठला घेतला, तर अरल समुद्र. हजारो मैलांवरचा, आणि तोही आटलेला!

अरल म्हणजे खरं तर मध्य आशियातलं खाऱ्या पाण्याचं तळं, पण एवढं अफाट की काठावरची माणसं त्याला समुद्रच म्हणायची. कापसाच्या शेतांसाठी त्याच्या नद्या वळवल्या आणि समुद्र हळूहळू गावं सोडून निघून गेला. बोटी वाळूत बसल्या. गंमत म्हणजे, तिथल्या एका गावातला मासळीचा कारखाना तरीही चालूच राहिला. लांबलांबच्या समुद्रांतली गोठवलेली मासळी आगगाडीनं आणायची, आणि काठावरच्या बायकांनी ती साफ करून डब्यात भरायची. या बायकांवर मी प्रबंध लिहिला. त्यासाठी सुट्ट्यांमध्ये मुंबईला जाऊन रशियन शिकले, जुन्या वर्तमानपत्रांच्या झेरॉक्स मिळवून डोळे फोडून वाचल्या. 'समुद्राची वाट पाहणाऱ्या बायका' हा माझा सगळा सिद्धांत होता. त्या वर्तमानपत्रांत बायका तसंच बोलायच्या, समुद्र परत येईल, आम्ही वाट पाहू.

अरलला मात्र मी कधी गेले नाही. आधी मुलं लहान, मग सासूबाईंचं आजारपण, मग रजा नाही, मग पासपोर्ट संपलेला. परीक्षकांनी प्रबंधावर 'परिश्रमपूर्वक केलेले काम' असा शेरा मारला आणि मला पदवी दिली. पण त्या परीक्षकांनीही अरल पाहिला नव्हता. पंचवीस वर्षं मी मुलांना फ्रेंच राज्यक्रांती शिकवली आणि मनात एकच रुखरुख बाळगून राहिले. मी लिहिलं ते बरोबर आहे की चूक, एवढं कुणीतरी सांगावं. बरोबर म्हणा, चूक म्हणा, पण ज्याला कळतं अशा कुणीतरी सांगावं. वाहवा नको होती, आणि 'परिश्रमपूर्वक' तर मुळीच नको होतं.

आणि हे सांगू शकेल अशी एक बाई होती. अरलच्या जुन्या काठावरच्या गावात जन्मलेली, आई त्याच कारखान्यात कामाला, आणि स्वतः आता तिकडच्या विद्यापीठात शिकवणारी. तिचे लेख मी वाचत आले होते. परिषदेच्या निमित्तानं तिला ईमेल केली तर दोनच दिवसांत उत्तर, येते म्हणून! मी लगोलग प्रबंधावरून लिहिलेला माझा निबंध पाठवला. तिनं लिहिलं, "आत्ता वाचत नाही. तिथं येऊन तुझ्या तोंडून ऐकेन." ते वाचून मी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या हसत होते. आमचे हे म्हणाले, "काय, लॉटरी लागली का?" म्हटलं, "तसंच समजा."

मग सुरू झाली ती तयारी. बाई गं, काय सांगू! आंतरराष्ट्रीय म्हणायचं तर एका पाहुणीवर भागत नाही, आणखी देश लागतात. नेपाळमधले एक गृहस्थ ऑनलाइन बोलायला तयार झाले. आमचाच एक माजी विद्यार्थी दुबईला गोदामात सुपरवायझर आहे, त्यालाही प्राचार्यांनी 'संयुक्त अरब अमिराती' म्हणून पत्रिकेत टाकला. तो बिचारा मला फोन करून विचारतो, "मॅडम, मी बोलायचं काय?" म्हटलं, "तू फक्त कॅमेरा चालू ठेव, बाळा."

निबंध मागवले तर आसपासच्या कॉलेजांतनं असे काही आले की हसावं की रडावं कळेना. प्रत्येकाला सर्टिफिकेट हवं, विषय कुठलाही असो. 'मध्य युरेशिया आणि योगासने' होता, 'मध्य युरेशिया आणि पालघर जिल्ह्यातील भातशेती' होता. रसायनशास्त्राच्या एका सरांनी दोन वर्षांपूर्वीचा प्लॅस्टिकवरचा निबंध पाठवला, शीर्षकाच्या शेवटी फक्त 'मध्य युरेशियाच्या संदर्भात' एवढं जोडून. प्राचार्य म्हणाले, "घ्या घ्या, संख्या दिसली पाहिजे." घेतले सगळे.

बॅनरवर प्रिंटरनं राजस्थानातला पगडीवाला आणि त्याचा उंट टाकला. मी म्हटलं, अहो, तिकडच्या उंटाला दोन वशिंडं असतात. तो म्हणाला, "मॅडम, उंट तो उंट. लांबून कोण मोजतंय?" माझ्याकडे भांडायला ताकद नव्हती, राहिला तो उंट तसाच.

पाहुणीची सोय केळव्याला समुद्राजवळच्या रिसॉर्टमध्ये, बाकीच्यांची पालघरात. गाड्या, जेवणं, पिशव्या, पेनं, बिल्ले, शाली, नारळ, पाहुण्यांना द्यायला वारली चित्रांच्या फ्रेमा, सगळं माझ्या गळ्यात. समिती होती की, चांगली वीस जणांची. पत्रिकेवर सगळ्यांची नावं होती आणि फोन उचलायला मी एकटी. संध्याकाळी बोईसर स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी राहिले की दिवसपाळीच्या कामगारांच्या आणि माझ्या चेहऱ्यात काही फरक नसायचा. घरी आले की हे म्हणायचे, "तुझं ते युरेशिया एकदाचं उरकलं की सांग, मग आपण नीट जेवू." तशात मी रोज थोडं थोडं करून निबंधाचं रशियन भाषांतरही केलं. इंग्रजीत वाचायचा खरा, पण तिला तिच्या कानाला नीट कळावा म्हणून.

पाहुणी आली. उंचीला माझ्याएवढीच, अंगानं आडवी, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, आणि हात कामकरी बाईचे. मी रशियनमध्ये स्वागत केलं तर खो खो हसत सुटली. "तू जुन्या वर्तमानपत्रासारखी बोलतेस," म्हणाली. मी लाजले, पण खरंच होतं. माझं सगळं रशियन तिथनंच तर आलेलं.

पहिल्या दिवशी उद्‌घाटन. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, मग आश्रमशाळेतल्या मुलींचा तारपा नाच. तो मात्र खरोखर सुंदर झाला, पाहुणी उठून त्यांच्या फेरात शिरली. त्यानंतर सत्कार. संस्थाध्यक्षांचा सत्कार, उपाध्यक्षांचा, प्राचार्यांचा, आलेल्या प्राचार्यांचा, माजी प्राचार्यांचा. ज्यांनी सत्कार केला त्यांचा मग दुसऱ्यांनी सत्कार केला. पाहुणीला मधे बसवली होती, तिच्या मांडीवर नारळ साठत चालले होते. तिनं माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ही फळं आत्ता खायची असतात का?" म्हटलं, "नाही, नुसती धरून बसायचं असतं." ती बिचारी धरून बसली.

तिचं बीजभाषण सुरू झालं तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. ती रशियनमध्ये बोलत होती आणि मी मराठीत सांगत होते. प्राचार्य खालून मनगटावर बोट आपटत होते. तिनं आटलेल्या समुद्राचं सांगितलं, मिठाच्या धुळीचं सांगितलं. मागच्या रांगा केव्हाच मसालेभाताच्या दिशेनं निघाल्या होत्या. आमची शिपाई मावशी दाराशी उभी होती, केळव्याची आहे ती, तिनं मात्र ऐकलं. नंतर मला म्हणाली, "मॅडम, अख्खा समुद्र आटला? खरा हाय का?" मी म्हटलं, खरं आहे. "मंग मासं कुठं गेलं वो?" मला आवडला तिचा प्रश्न. परिषदेत विचारला गेलेला तो एकमेव प्रश्न होता.

त्या संध्याकाळी केळव्याला पाहुणीशी निवांत बोलेन असं ठरवलं होतं. डोंबल निवांत! संस्थाध्यक्षांच्या घरची सगळी मंडळी तिच्याबरोबर सेल्फी काढायला रिसॉर्टवर आलेली. नातवंडांपासून व्याह्यांपर्यंत सगळी. मी कोपऱ्यात उभी राहून तिला तळलेल्या बोंबलातला काटा खायचा असतो की काढायचा, एवढंच भाषांतर करत होते. निबंधाचा विषय काढला नाही. तो मला व्यासपीठावरून, माइकसमोर, तिला समोर बसवून वाचायचा होता. तेवढा माझा हट्ट होता आणि तो मी सोडायला तयार नव्हते.

माझं वाचन दुसऱ्या दिवशी, जेवणानंतरच्या सत्रात पहिलं. मी मुद्दामच पहिलं लावलं होतं, पाहुणी पेंगायच्या आत. नेसायला आईची हिरवी इरकल काढली होती. पण सकाळचं सत्र लांबलं. योगासनांच्या मॅडमनी प्रात्यक्षिक करून दाखवलं, त्यात टाळ्या पडल्या, मग आणखी एक प्रात्यक्षिक. दुबईवाला कॅमेरा चालू ठेवून बसला होता, त्यालाही बोलू द्यावं लागलं. आणि तेवढ्यात बाहेर आमदारांचे प्रतिनिधी आले, त्यांचा सत्कार.

जेवणं उरकून सगळे सभागृहात आले तेव्हा सत्राध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि माइक हातात घेऊन अगदी हसतमुखानं म्हणाले, "वेळेअभावी आपण संयोजक मॅडमचा निबंध वाचला असं गृहीत धरू या. मॅडम काय, घरच्याच आहेत. त्या समजून घेतील."

घरच्याच! आमच्याकडे लग्नकार्यात घरच्यांनी पंगतीत शेवटी बसायचं असतं, उरलं तर खायचं, नाही उरलं तर पाणी पिऊन 'पोट भरलं' म्हणायचं. ही रीत मी लहानपणापासून पाळत आले, माझ्या मुलांच्या बारशालाही मी शेवटीच जेवले. पण निबंध म्हणजे काय जिलबी होती? माझ्या कानशिलांतनं वाफा निघत होत्या. उठावं आणि माइक हिसकावून घ्यावा असं वाटलं. पण सगळं सभागृह माझ्याकडे बघून समजूतदारपणानं हसत होतं, आणि मी, मीसुद्धा हसले! मान डोलावली! हसल्याचा राग मला त्या सत्राध्यक्षांहून जास्त आला, अजून येतो. पाहुणीनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "पुढचा निबंध." आणि प्लॅस्टिकवाले सर उभे राहिले.

समारोपाला प्राचार्यांना बहुधा माझी कीव आली असावी. त्यांच्या परीनं त्यांनी भरपाई केली. "आणि या परिषदेतील उत्कृष्ट शोधनिबंधाचा पुरस्कार," असं म्हणून त्यांनी माझं नाव पुकारलं. टाळ्यांचा कडकडाट! मी पायऱ्या चढून वर गेले. सर्टिफिकेट पाहुणीच्या हस्ते. तिनं ते मला दिलं, फोटोसाठी आम्ही दोघी कॅमेऱ्याकडे बघत उभ्या राहिलो, आणि ओठ न हलवता ती म्हणाली, "हा निबंध मी कधी ऐकला?"

"ऐकला नाहीस," मी पण तशीच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला विमानतळावर सोडायला गाडी होती, आणि अर्थातच सोडायला मीच. वीस जणांच्या समितीला त्या दिवशी एकाएकी घरची कामं निघाली. डिकीत तिची बॅग, तिची वारलीची फ्रेम आणि सगळे नारळ. वाघोबा खिंडीतनं गाडी उतरेपर्यंत ती खिडकीतनं डोंगर बघत होती. मग वळून म्हणाली, "मी काल एका न ऐकलेल्या गोष्टीला बक्षीस दिलं. माझ्या आयुष्यात मी असं केलेलं नाही. मला झोप लागली नाही. काढ तो कागद, वाच."

"आता? गाडीत?"

"मग कुठे? विमानात तू येणार आहेस?"

मी पर्समधनं कागद काढले. मनोरला हायवेला लागलो आणि मी वाचायला सुरुवात केली. काय अवस्था ती! शेजारनं कंटेनर चाललेले, ड्रायव्हर हॉर्न देतोय, मी चष्मा सावरत रशियन वाचतेय. ड्रायव्हर बोईसरला राहणारा, मूळचा उत्तर प्रदेशातला, आरशातनं बघून म्हणाला, "मॅडमजी, पूजा का कुछ है क्या?" मी हातानंच त्याला थांबवलं. ती डोळे मिटून बसली होती. पेंगतेय का बघायला मी मधे थांबले तर डोळे न उघडता म्हणाली, "पुढे." वर्सोव्याच्या पुलाशी गाड्यांची ही रांग लागली होती. एरवी त्या रांगेत मी जगाला शिव्या घातल्या असत्या, त्या दिवशी म्हटलं, राहू दे, अशीच राहू दे. पूल ओलांडला तेव्हा माझं शेवटचं वाक्य झालं. समुद्राची वाट पाहता पाहता त्या बायका स्वतःच किनारा झाल्या, असं काहीतरी ते वाक्य होतं. मला फार आवडायचं ते.

तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला. मग म्हणाली, "लिहिलं आहेस छान. पण चूक आहे."

"काय चूक?"

"कुणी वाट पाहत नव्हतं." ती डोळे उघडून नीट माझ्याकडे वळून बसली. "तो वर्तमानपत्रवाला यायचा तेव्हा कारखान्याचा मॅनेजर त्याच्या शेजारी उभा असायचा. तुम्ही समुद्राची वाट पाहताय असं सांगा, असं तोच बायकांना सांगून ठेवायचा. म्हणजे वरचे लोक ऐकणार, म्हणजे मासळीच्या गाड्या येत राहणार, म्हणजे पगार चालू राहणार. माझी आईसुद्धा तसंच बोलली होती एकाला. तिचा फोटोही आला होता. आम्ही घरी खूप हसलो होतो. त्यांना पगार हवा होता. समुद्र कुणाला हवा होता?"

"पण दुःख तर झालंच असेल ना," मी म्हणाले. म्हणजे जवळजवळ गयावया केली.

"बापाला झालं. बोटीवर जाणारा तो. आई तर शेवटची बोट वाळूत बसली त्या दिवशी घरी आली, दार लावलं आणि झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उठली नाही. आम्हा पोरांना वाटलं, दुःखानं पडलीय. उठली आणि म्हणाली, काहीतरी खायला करा, मासे सोडून काहीही. पहाटे काठावर जायचं नव्हतं तिला आता, बर्फासारख्या पाण्यात हात घालायचे नव्हते. कारखान्यात निदान छप्पर होतं."

माझ्या डोळ्यांपुढे माहीमचा किनारा आला. आमची आई आणि तिच्या जोडीच्या बायका मासळी निवडायला बसायच्या तेव्हा समुद्राकडे पाठ करून बसायच्या. सगळ्याच. उभ्या जन्मात मी आईला समुद्र बघत बसलेली पाहिली नाही. थंडीत तिच्या बोटांना भेगा पडायच्या, त्यात मीठ जाऊन ती कळवळायची, आणि मी तिला खोबरेल लावून द्यायचे. हे सगळं मला ठाऊक होतं! कुणी सांगायला नको होतं! पण मी सुटले होते ना, सुटलेल्या माणसाला समुद्र सुंदर दिसतो. तर मी पंचवीस वर्षं त्या परक्या बायकांच्या जिवाला विरह चिकटवत बसले.

"आता पुन्हा लिही," ती म्हणाली. "बायकांना विचारून. माझी मावशी आहे अजून, बोलते चांगली."

"मला नाही होणार आता," मी म्हटलं. "दमलेय मी. वर्षभरात निवृत्त होतेय."

"नसेल होत तर नको लिहूस," ती अगदी साधेपणानं म्हणाली. "पण हे छापू नकोस."

विमानतळावर तिनं मला मिठी मारली, नारळ सगळे माझ्या हवाली केले, आणि आत गेली. मागं वळून बघेल असं वाटलं होतं, पण तिथल्या जवानाला पासपोर्ट दाखवण्यात तिला ते सुचलं नाही.

परतताना विरारच्या आसपास प्राचार्यांचा फोन आला. "मॅडम, पोचल्या का पाहुण्या? वा! त्यांचा अभिप्राय घेतलात ना? समितीला दाखवायला लागतो."

"घेतला," मी म्हटलं.

"काय म्हणाल्या?"

"माझा निबंध चुकलाय म्हणाल्या."

मग ते म्हणाले, "ते नको घालायला. 'उत्कृष्ट आदरातिथ्य' असं टाकू. आणि हो, परिषदेतल्या निबंधांचा ग्रंथ छापायला देतोय, तुमचा निबंध पहिलाच घेतलाय बरं का."

"तो काढा, सर."

"अहो मॅडम, बक्षीस मिळालेला निबंध काढायचा कसा? लोक काय म्हणतील? कालचं मनाला लावून घेतलंत का? तुम्ही म्हणजे घरच्याच, म्हणून—"

"घरची आहे म्हणूनच सांगते, काढा," मी म्हटलं आणि फोन ठेवला. नोकरीत पहिल्यांदाच मी त्यांचा फोन आधी ठेवला. ड्रायव्हरनं आरशातनं पाहिलं.

बोईसरला घरी आले तेव्हा दिवस मावळायचा होता. ह्यांनी दार उघडलं ते हसतच. कॉलेजच्या ग्रुपवरचा फोटो कुणीतरी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता, सर्टिफिकेट धरलेला. टेबलावर जिलबीचा पुडा. "या, उत्कृष्ट बाई! सांगायचं नाही का घरी?"

मी चप्पल न काढताच खुर्चीत बसले आणि एकदम रडायलाच लागले. हे घाबरले. पाणी आणलं, पंखा मोठा केला, शेजारी उभे राहिले. "अगं काय झालं? प्रवासात काही झालं का? बोल तरी."

"निबंध चुकलाय," मी म्हटलं. "सगळा. सुरुवातीपासून."

"कोण म्हणतं?"

"तीच. गाडीत वाचून दाखवला."

ह्यांचा चेहरा उतरला. पुडा उचलून त्यांनी उगाचच ओट्यावर नेऊन ठेवला, परत आले. इतकी वर्षं त्या झेरॉक्सांच्या गठ्ठ्यांखाली त्यांनीही संसार केला होता. "मग आधी नाही का सांगायचं तिनं," ते रागानं म्हणाले. "बक्षीस देऊन वर असं बोलायचं? माणुसकी आहे का काही? जाऊ दे, तू नको मनावर घेऊस. रडू नकोस अशी."

"अहो, तसं नाही हो," मी डोळे पुसत म्हटलं, पण रडू थांबेचना. "तिनं अख्खा ऐकला. मधे एकदा थांबले तर 'पुढे' म्हणाली. शेवटच्या ओळीपर्यंत ऐकला, आणि मग चूक म्हणाली."